नानांचा उजवा हात

फटफटीवाल्यांचे किस्से संपत का नाहीत, याचं कारण सोपं आहे. फटफटी नीट चालली तर किस्सा होत नाही. ती बंद पडली की होतो. आणि आमच्या फटफट्या चालायच्या कमी, बंद पडायच्या जास्त! त्यामुळे चार माणसं जमून चहा आला की एक किस्सा निघतो, त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, आणि आतून कोणीतरी 'आज जेवायचं आहे की नाही' असं विचारेपर्यंत मंडळी हलत नाहीत.

आमच्या किश्श्यांची गंमत, म्हणजे गंमत तरी कशी म्हणू, अशी की त्यातले निम्मे नानांच्या उजव्या हाताचे आहेत. तो हात तापलेल्या लोखंडाला भीत नसे. आम्ही त्या हाताला टाळ्या वाजवल्या, त्याच्यावर पैजा लावल्या. त्या हातात महारोग शिरला होता आणि म्हणून त्याला चटका कळत नव्हता, हे आम्हाला फार उशिरा समजलं. तेव्हा ऐकताना हसू आलं तर हसा. आम्हीही हसलोच होतो. मला मात्र आता सांगताना मध्येच थांबावं लागतं, तेवढं चालवून घ्या.

मंडळी थोडकीच. नाना म्हणजे महाडचे भाताचे व्यापारी, अंगाने दणकट, मिशीवाले. हसनची महाड-पोलादपूर मालाची लॉरी होती; त्याच्या फटफटीला बाजूला एक टोपली जोडलेली, माणूस बसण्याची, पण आम्ही तिच्यात सामान कोंबायचो. तिसरा मी, भांड्यांच्या दुकानावर बसणारा. पुढे गावात डॉक्टर आले, ते माझ्या मागच्या सीटवर. भात झोडून झालं, घाटातले रस्ते पावसातून सावरले, की मार्गशीर्षात राहुटी, तांदूळ आणि सुकट घेऊन आम्ही बाहेर पडत असू. याला आमच्यात 'स्वारी' म्हणत. घरची माणसं याला दुसरंच काहीतरी म्हणत.

*

नानांची फटफटी मुंबईहून बोटीने आली. विलायतेला परत निघालेल्या कोणा साहेबाची होती. दासगावच्या धक्क्यावर ती उतरवायला सहा गडी लागले आणि बघायला सगळं दासगाव. होडीवरच्या म्हाताऱ्या तांडेलाने तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, टाकीवर थाप मारली आणि नानांना विचारलं, हे जनावर पितं काय?

नाना म्हणाले, पेट्रोल.

"आनि देतं काय?"

नानांनी जरा विचार केला. व्यापारी माणूस, खोटं कशाला बोला! म्हणाले, "धूर."

घरी आणल्यावर राधावहिनींनी पुढच्या दिव्याला हळदकुंकू वाहिलं. वहिनी पोलादपूरच्या. बोलणं अगदी कमी, पण बोलल्या की समोरच्याचं आटोपलं. घरात मूलबाळ नव्हतं, त्यामुळे दोघांचं जे काय चालायचं ते एकमेकांशीच. नाना आम्हाला दरडावायचे, गडीमाणसांना दरडावायचे, पण वहिनी ओटीवर आल्या की आवाज आपोआप उतरायचा.

*

कशेडीच्या घाटात हसनची फटफटी अर्ध्या चढावर बसली. प्लग काळा पडला असणार. पण इंजिन असं तापलेलं, की त्यावर पाणी उडवलं तर चर्र व्हायचं. थंड होईपर्यंत विडी ओढायची, दुसरा इलाज नव्हता. पाना होता तो राहुटीच्या तळाशी.

नाना उतरले आणि पुढे वाकून त्यांनी सैल झालेला प्लग चक्क चिमटीत धरला, फिरवून बाहेर काढला, फुंकर मारली, धोतराला पुसला आणि परत बसवला. आम्ही बघतच राहिलो.

हसन नाक वर करून हुंगायला लागला. "कोंबडी कोण भाजतंय रे इथं?"

कोंबडी कुठली! नानांची बोटं होती ती. पण नानांनी हात झटकला, 'चला' म्हणाले आणि किक मारली. वाटेने एक म्हातारा लाकडाची मोळी घेऊन चालला होता. त्याने मोळी खाली ठेवली आणि नानांच्या पायाला हात लावला. "ह्यो मानूस साधा नाय," तो आम्हाला म्हणाला, "देवाचा हाय."

त्या दिवसापासून आम्ही पाना न्यायचं सोडलं. काही अडलं की हसन ओरडायचा, नानाशेटचा हात आणा. आणि नाना रुबाबात पुढे व्हायचे. माणसाला कशाचा अभिमान वाटेल ते सांगता येत नाही.

*

पाचाडला एक म्हातारी जेवण करून घालायची. रायगड बघायला येणारे तिच्याकडे उतरत. आम्ही गेलो तेव्हा चुलीवर भाताचं तपेलं रटरटत होतं आणि म्हातारी फडकं शोधत होती. नाना सरळ चुलीपाशी गेले आणि तपेलं कानाला धरून खाली उतरवून ठेवलं.

आम्ही कौतुकाने एकमेकांकडे पाहिलं. आता म्हातारीही पाया पडणार, असं मला वाटलं. ती पडली नाही. तिने नानांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि उलटापालटा करून पाहिला. स्वतःचा हात शेजारी धरला.

"आमचा हात चुलीनं असा झाला, बाबा. भाजून भाजून निबार झाला. तुजा कशानं रे झाला?"

नाना हसले. हसन म्हणाला की फटफटी ही शेटची थोरली चूल आहे. सगळे हसले आणि पानं मांडली गेली. परतताना मी नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर भुवया बाहेरच्या टोकाला विरळ दिसल्या. मी तसं म्हटलंही. नाना म्हणाले, कार्ब्युरेटरचा भडका उडाला होता तेव्हा जळल्या असतील. भडका खरंच उडाला होता. त्यामुळे विषय तिथेच संपला.

*

दरवर्षी पोलादपूरला सावित्रीच्या काठी मोठा मेळावा भरायचा. घाटावरचे फटफटीवाले आंबेनळीचा घाट उतरून खाली यायचे, आम्ही महाडाहून जायचो. नदीच्या वाळूत राहुट्या ठोकायच्या, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची, मटण शिजवायचं. घाटावरच्यांचे म्होरके एक सुभेदार होते, पलटणीतून पेन्शनीत निघालेले. कोकणातली माणसं मऊ भातासारखी, असं ते दरवर्षी म्हणायचे आणि आम्ही दरवर्षी चिडायचो.

त्या वर्षी त्यांनी पैज मांडली. गाडी तापवून आणायची आणि सायलेन्सरवर हात ठेवायचा. जो जास्त वेळ ठेवेल त्याला सुभेदारांचा पितळी भोंगा. सुभेदारांनी स्वतः हात टेकवला आणि ताडकन उचलला. त्यांची माणसं एकेक करून बोटं चोखत मागे गेली. मग आम्ही नानांना पुढे केलं.

नानांनी तळवा ठेवला. डाव्या हाताने खिशातून विडी काढली आणि सुभेदारांकडे काडी मागितली! सुभेदारांनी काडी ओढली, विडी पेटली, नानांनी दोन झुरके घेतले, तरी तळवा तिथेच. वाळूवर असा काही आरडाओरडा झाला, की नदीपलीकडची गुरं उधळली.

एकटे डॉक्टर हसले नाहीत. त्यांची ती पहिलीच स्वारी. ते पुढे झाले, नानांचा हात उचलून बाजूला केला आणि मलम लावायला म्हणून त्यांना राहुटीत घेऊन गेले. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा नाना डोळे मिटून बसले होते आणि डॉक्टर गवताची काडी त्यांच्या बोटांवरून, मनगटावरून, पुढे कोपरापर्यंत फिरवत होते. कोपराच्या जरा खाली आल्यावर नाना म्हणाले, "हां, आता लागली. सुरू करा तुमची तपासणी."

डॉक्टरांनी काडी टाकून दिली. मग त्यांनी नानांच्या कानाची पाळी चाचपली, भुवया पाहिल्या आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी गेलो नाही. नाना म्हणाले, "राहू दे त्याला. काय ते बोला." आणि डॉक्टर बोलले. त्या राहुटीत किती गरम होत होतं एवढंच मला आठवतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी चहाला जमली तेव्हा नाना भोंगा घेऊन आले. सगळ्यांच्या मध्ये उभे राहिले. गल्ल्यावर बसून भाव सांगावा तशा सुरात त्यांनी सांगून टाकलं की कालची पैज रद्द. हाताला कळतच नाही, तेव्हा ती फसवणूक झाली. महारोग आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांनी भोंगा सुभेदारांपुढे धरला.

सुभेदारांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. लढाई पाहिलेला माणूस तो. एक पाऊल मागे सरकला. "ठेवा, ठेवा," म्हणाले, "तुम्हीच जिंकलाय. तुमच्याकडंच राहू द्या."

नाना तसेच हात पुढे करून उभे. मला आजही त्या सुभेदारांचा राग येतो, आणि राग येतो तेव्हा हेही आठवतं की जमलेल्यांतले, कोकणातलेसुद्धा, कितीतरी जण मागे सरकले होते. शेवटी हसन उठला. त्याने नानांच्या हातातून भोंगा घेतला, पों पों करून वाजवून पाहिला आणि नानांच्या फटफटीच्या हँडलला बसवायला लागला. बसवता बसवता रडत होता. नानाच त्याला म्हणाले, अरे तिरका बसवतोयस.

तो आमचा शेवटचा मेळावा. पुढच्या वर्षी घाटावरून कोणी खाली उतरलं नाही.

*

गावात गोष्ट आमच्या आधी पोचली. न्हावी यायचा बंद झाला. नानांच्या वखारीतलं भात कोणी घेईना, म्हणून वखार चुलतभावाच्या नावावर गेली. डॉक्टर घरोघर जाऊन सांगायचे की हा रोग असा सहजासहजी लागत नाही, एका गाडीवर बसल्याने तर मुळीच नाही. लोक मान डोलवायचे, डॉक्टरांना बसायला पाट द्यायचे आणि ते गेल्यावर पाट धुऊन घ्यायचे.

नाना सगळ्याची थट्टा करायचे. न्हावी येत नाही तर दाढी वाढवली आणि म्हणाले, आता खरंच देवाचा माणूस दिसतो. मी एकदा त्यांच्या ओटीवर बसून हसलो आणि हसता हसता मला हुंदकाच आला. नाना उठून आत गेले.

एका बाबतीत मात्र त्यांनी थट्टा केली नाही. पोलादपूरला मेव्हण्याकडे त्यांनी स्वतः निरोप धाडला, बहिणीला घेऊन जा. मेव्हणा बैलगाडी घेऊन आला. वहिनींनी बोचकं बांधलं आणि गाडीत बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी कमी बोलत, पण अशा वेळी गप्प बसणाऱ्या त्या नव्हेत; त्यांना ओळखणाऱ्या आम्हाला हेच फार चमत्कारिक वाटलं. गाडी वळणापलीकडे गेल्यावर नाना म्हणाले, बरं झालं, रडली नाही. त्यानंतर ते बराच वेळ मिशी ओढत बसले.

*

घाटावर अशा रोग्यांचा एक दवाखाना होता. तिथे कडू कवठीच्या तेलाची इंजेक्शनं देत. डॉक्टरांनी पत्र लिहून जागा मिळवली. प्रश्न उरला जायचा कसं. मोटारसर्व्हिसवाले घेईनात, गाडीवाले बैल आजारी आहेत म्हणत. हसन म्हणाला, माझ्या टोपलीत बसा. नाना म्हणाले, सामान म्हणून मी जाणार नाही, माझ्या फटफटीवर जाईन.

डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. ब्रेक आणि पेट्रोलची दांडी, दोन्ही उजव्या मुठीशी. हाताला कळलं नाही की आपण दांडी किती ओढलीय, तर आंबेनळीच्या वळणावर काय होईल ते सांगायला नको.

मग हसनने लॉरीचं काम टाकून ती फटफटी उघडली आणि उजवीकडचं सगळं डावीकडे आणलं. नानांनी फक्त डाव्या हाताने चालवायची. करून पाहायला आम्ही तुडीलच्या वाटेवर गेलो. नाना सुटले ते झोकात. पण सवय कुठे जाते? समोर म्हैस आली, नानांनी उजवी मूठ आवळली, उजवीकडे काहीच नव्हतं, आणि नाना बांधावरून उडून थेट कुळथाच्या शेतात!

शेतकरी काठी घेऊन धावत आला आणि नानांना ओळखून दहा हातांवर थांबला. नाना कुळथात पडल्या पडल्या म्हणाले, "मार की रे. उजव्या बाजूला मार, तिथं लागत नाही."

त्याने काठी खाली टाकली. पण जवळही आला नाही. आम्हीच नानांना उठवलं. नंतर दिवसचे दिवस नाना त्याच वाटेवर डाव्या हाताने शिकत राहिले, आणि डॉक्टर शेवटी म्हणाले की ठीक आहे, चला.

*

ती शेवटची स्वारी. राहुटी हसनच्या टोपलीत, नानांचं बोचकं त्यांच्या मागच्या सीटवर बांधलेलं. त्यांनी आपलं ताट-वाटी वेगळं घेतलं होतं. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, रस्ता कोरडा. फटफट्या अशा सुरेख चालल्या होत्या, की एकाचीही बंद पडेना. बंद पडावी म्हणून मी मनात नवस बोललो.

पोलादपूरच्या बाहेर मेव्हण्याचं घर रस्त्यालाच लागून. वहिनी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, काखेत बोचकं. नाना पुढे होते. त्यांनी वहिनींना पाहिलं, हे मी त्यांच्या पाठीवरून ओळखलं. त्यांनी गाडीचा वेग वाढवला आणि समोर बघत निघून गेले.

हसन थांबला. आम्हीही थांबलो. वहिनींनी त्याला टोपली रिकामी करायला सांगितलं. हसन चाचरत म्हणाला की राहुटी आहे, रात्री लागेल. वहिनींनी स्वतःच राहुटी ओढून रस्त्यावर टाकली आणि आत बसल्या. मेव्हणा घरातून धावत आला, ताई, असं करू नको, म्हणाला. हसनने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "बघतोस काय? चल." राहुटी तिथेच रस्त्यावर राहिली.

घाटात निम्म्या चढावर एक झरा आहे. तिथे इंजिनं गार करायला थांबायचा आमचा रिवाज. आम्ही पोचलो तेव्हा नाना फटफटीवरच बसून होते, पाय टेकवून, दरीकडे तोंड करून. टोपलीतून वहिनी उतरल्या तेव्हा त्यांनी वळून पाहिलं.

आधी ते हसनवर ओरडले, हिला परत नेऊन सोड म्हणून. हसन खाली बसून टायर चाचपायला लागला. मग नाना वहिनींकडे वळले. तिथे सगळी माझ्यासारखीच माणसं, म्हणाले. तुला आत घेणार नाहीत, गावात कोणी खोली देणार नाही, पाणी भरू देणार नाही. भावाकडे सुखात राहशील. मी बरा होईन की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला, तरी ते बोलतच राहिले. इतकं बोलताना मी नानांना कधी ऐकलं नव्हतं.

वहिनी पदर खोचून ऐकत होत्या.

"झालं तुमचं?"

नाना मिशी ओढायला लागले.

"तिथं हात चुलीत गेला तर तुमाला कळनार नाय. सांगनार कोन?"

नानांनी डॉक्टरांकडे पाहिलं. वहिनींनी मागच्या सीटवरची दोरी सोडली, नानांचं बोचकं उचललं आणि आपल्या बोचक्यासकट हसनच्या हातात दिलं.

"सरका पुडं," म्हणाल्या.